अनुभव धागा: रेडिओ-टीव्हीवरची परकी भाषा, आणि आपलीच पण वेगळी

धागाकर्ती

पुण्याला आमच्या घरी घड्याळापेक्षा आकाशवाणीवर जास्त भरवसा. सहा पंचावन्नला "इयम् आकाशवाणी" ऐकू आलं की आजोबांचा वस्तरा गालावरून हनुवटीवर उतरलेला असायचा. सात पाचच्या प्रादेशिक बातम्यांपर्यंत माझी वेणी झाली नाही तर शाळेची बस चुकलीच म्हणायची. संस्कृत बातम्या १९७४ साली सुरू झाल्या, त्यामुळे माझ्या आठवणीत त्या कायमच्याच आहेत. घरात त्या कुणालाही धड कळत नसत. तरी कुणी आवाज बारीक केला नाही. "सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्, प्रवाचकः बलदेवानन्द सागरः." मला कितीतरी वर्षं वाटायचं, प्रवाचक हे त्यांचं नाव, बलदेवानन्द वडिलांचं आणि सागर आडनाव.

तर असं काही तुमच्याकडे? न कळणारी भाषा कानाशी कशी बसली, किंवा आपलीच मराठी रेडिओवर ऐकून "हे काय बोलतायत" असं कधी झालं, ते लिहा. नुसतं "गेले ते दिवस" नको, प्रसंग हवा.

बेळगावकडचा

आमच्या रेडिओच्या काचेवर आजोबांनी शाईनं दोन खुणा केल्या होत्या. ७६५ वर धारवाड, १२५१ वर सांगली. सांगली केंद्र १९६३ चं, धारवाड त्याच्याही आधीचं, १९५० चं. शेतीची माहिती सांगलीकडून घ्यायची आणि मिरचीचा भाव धारवाडकडून, अशी वाटणी. सीमाप्रश्नावर आजोबा मोर्च्यात असायचे, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचे, आणि घरी येऊन धारवाड लावायचे. त्यात त्यांना काही विसंगती वाटली नाही, मलाही अजून वाटत नाही. मिरची विकायची तर आहेच की.

कन्नडमध्ये पावसाला मळे म्हणतात. मी पाच-सहा वर्षांचा असेन. बातम्यांत सारखं मळे, मळे यायला लागलं. मी आज्जीला विचारलं, हे आमच्या मळ्याबद्दल एवढं काय बोलायलेत? आज्जी भाकरी थापता थापता म्हणाली, "आपल्या मळ्याबद्दलच बोलायलेत रे. बाहेरची शेणी आत घे जा." (शेणी म्हणजे गोवऱ्या.)

चाळकरी

दूरदर्शन, रविवार दुपार. आधी कर्णबधिरांसाठीच्या बातम्या, मग प्रादेशिक चित्रपट. खाली इंग्रजी ओळी. आमच्या मजल्यावर टीव्ही एकच, शेजारच्या काकांचा, आणि इंग्रजी येणारा मी एकटा, तोही आठवीतला. बायका निवडायला घेतलेले तांदूळ घेऊन बसायच्या आणि मी मोठ्यानं मराठी करून सांगायचो. बंगाली चित्रपट बरे जायचे. मल्याळी आला की माझी परीक्षा. पांढरी अक्षरं, आणि नायकाचं लुंगीसारखं मुंडूही पांढरंच! तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की वाक्याचा मधला भाग गायब. मग मी ठोकून द्यायचो. एकदा एका बापाला मी चुकून सासरा केला आणि पुढचा दीड तास ते नातं निभावून नेलं. आई शेवटी म्हणाली, "सासरा असून केवढा रडला बिचारा." मी काही बोललो नाही.

धागाकर्ती

चाळकरी, आईला नंतर सांगितलंत का कधी?

चाळकरी

नाही. तिच्या लेखी तो सासराच.

माजी नैमित्तिक उद्घोषक

विदर्भातल्या एका केंद्रावर काही वर्षं होतो. नाव लिहीत नाही. शेतीच्या कार्यक्रमाचं स्क्रिप्ट माझ्या हाती आलं, लिहिणारे पश्चिम महाराष्ट्रातले. त्यात भांगलण, कोळपणी, म्हणजे तण काढायची कामं. मी जसंच्या तसं वाचलं. आठवड्यानं पोस्टकार्ड आलं, निळी शाई, अक्षर वळणदार: "भांगलण म्हंजे काय राजेहो? आमी निंदन करतो अन् डवरे चालवतो. ह्ये दुसऱ्या कोण्या देशातलं पीक हाय का?"

पुढच्या वेळी मी वाचताना "कोळपणी, म्हणजे आपली डवरणी" असं जोडलं. ड्युटी रूममधल्या वहीत दुसऱ्या दिवशी लाल शेरा: पुनरुक्ती टाळावी. मी टाळली नाही. शेरे येत राहिले, पोस्टकार्डंही येत राहिली. पोस्टकार्डांचा गठ्ठा माझ्याकडे आहे, वही त्यांच्याकडे. मराठी कार्यक्रम म्हणजे एका मराठीतला कार्यक्रम असं वर बसलेल्यांना वाटतं, इतकंच माझं म्हणणं. दिल्लीनं आमच्यावर हिंदी लादली म्हणून ओरडणारेच इथे डवरणीवर लाल रेघ मारतात.

फोंड्याची

वरचं वाचून आमची शेजारीण आठवली. आमच्या घरात वाचायचं ते मराठी, बोलायचं ते कोंकणी. गोव्यात बऱ्याच हिंदू घरांत हीच गत. शेजारची आजी चर्चला जाणारी, तिला कोंकणी वाचता येते ती रोमी, म्हणजे रोमन लिपीत. १९८७ च्या कायद्यानं देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, पण देवनागरी तिला भिंतीवरच्या नक्षीसारखी. आम्हाला रोमी वाचताना अडखळायला होतं. पेपर एकमेकींना द्यायची सोय नाही. पण पणजी केंद्राच्या कोंकणी बातम्यांना ती आमच्या बलकांवावर, म्हणजे ओसरीवर, येऊन बसायची. रेडिओला लिपीच नाही ना! बातम्या संपल्या की मात्र "हो भटांचो उच्चार" म्हणून नाक मुरडायची, आणि दुसऱ्या दिवशी परत हजर.

झुरिकहून

परदेशातला चालेल का? इथे स्वित्झर्लंडमध्ये लोकांच्या शुल्कावर चालणाऱ्या सार्वजनिक प्रसारणाला चार भाषा. त्यातली रोमान्श बोलणारे जेमतेम साठ हजार, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावाएवढे, आणि त्यांना टीव्हीवर स्वतःच्या बातम्या आहेत, टेलेसग्वार्ड. खाली जर्मन ओळी येतात. मी जर्मन शिकताना त्या वाचायला बसायचे. मुख्य बातम्या पुस्तकी जर्मनमध्ये, त्या हळूहळू कळायला लागल्या. मग हवामान सांगणारा यायचा आणि थेट इथल्या बोलीत सुरू व्हायचा, की माझी सगळी शिकवणी पाण्यात. छत्री घ्यायची की नाही ते मुलगा सांगायचा, वय वर्षं सात.

बेळगावकडचा

उद्घोषकसाहेब, भांगलण हा आमच्याकडचा शब्द. तुम्हाला शेरे आमच्यामुळे बसले, त्याबद्दल दिलगीर आहे. डवरणी आज पहिल्यांदा ऐकली. पोस्टकार्डं टाकून देऊ नका.