वर्गावर्गांतील मैत्रीपूर्ण फुटबॉल सामना : कधीच न खेळलेल्याने संघात उतरावे का?

प्रश्न – विदर्भातला विद्यार्थी

नमस्कार मंडळी. पुण्यातील एका व्यवस्थापन संस्थेत मी एमबीएच्या पहिल्या वर्षाला शिकत आहे. पहिल्या सत्राची परीक्षा आटोपली की आमच्या ‘अ’ आणि ‘ब’ तुकड्यांमध्ये दर वर्षी फुटबॉलचा मैत्रीपूर्ण सामना होतो. यंदा तो दहा दिवसांनी, रविवारी सकाळी ७ वाजता, संस्थेजवळच्या भाड्याच्या टर्फवर आहे. मैदानात प्रत्येक संघाचे ७ खेळाडू असतील आणि पूर्वार्ध व उत्तरार्ध प्रत्येकी २५ मिनिटांचा असेल.

आमच्या तुकडीतून १४ नावे दिली गेली असून त्यांत माझे नाव आहे. मी २७ वर्षांचा आहे. चार वर्षे नोकरी करून शिक्षणाकडे परत वळलो. यवतमाळ जिल्ह्यात वाढल्यामुळे शाळेत कबड्डी भरपूर खेळलो, क्रिकेटही खेळलो, पण फुटबॉलला पाय लावण्याची वेळ कधी आली नाही. आमच्या संघात तिघे जण महाविद्यालयाच्या संघातून खेळलेले आहेत, दोन मुली शाळेपासून खेळतात, आणि बाकीचे माझ्यासारखेच नवखे आहेत.

गेल्या वर्षीच्या सामन्यात चांगल्या खेळाडूंनीच पूर्ण वेळ खेळून घेतले आणि नावे दिलेले सहा-सात जण शेवटपर्यंत कडेला उभे राहिले, असे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून समजले. त्यातच एकाचा घोटा मुरगळला आणि वादावादी होऊन दोन्ही तुकड्या महिनाभर एकमेकींशी नीट बोलत नव्हत्या. मला खेळायचे मनापासून आहे. मात्र माझ्यामुळे संघाचे नुकसान होत असेल तर नाव मागे घेणे योग्य ठरेल का? आणि खेळायचेच ठरवले, तर दहा दिवसांत नेमके काय शिकावे, म्हणजे माझा संघाला थोडा तरी उपयोग होईल?

उत्तर १ – रंकाळ्याचा बॅक

नाव अजिबात मागे घेऊ नका. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल हा पेठेचा आणि तालमीचा खेळ आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही संघांची नावे मुळात तालमींची आहेत, आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्यात सामना असला की घरातील आजीसुद्धा निकाल विचारते. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, तेव्हा भारतीय संघात आमचा अनिकेत जाधव होता. इतके सगळे सांगण्याचे कारण असे की, या गावात मी पंधरा वर्षे बचावात खेळलो, आणि ज्याच्या पायात फारशी कला नाही असा खेळाडूही संघाला किती उपयोगी पडतो, हे मी रोज पाहिले आहे.

तुमच्या संघनायकाला सांगून उजव्या बचावाची जागा मागून घ्या. सात जणांच्या खेळात गोलरक्षकापुढे तीन बचावपटू, दोन मध्यरक्षक आणि एक आघाडीवीर ही मांडणी नवख्यांना सोयीची पडते. कडेच्या बचावपटूच्या एका बाजूला मैदानाची रेषा असते, त्यामुळे त्याच्यावर चारही दिशांनी हल्ला होत नाही, आणि मधला बचावपटू अनुभवी असेल तर तो तुम्हाला सतत बोलून जागेवर ठेवू शकतो.

तुम्ही कबड्डी खेळला आहात हे वाचून मला फार आनंद झाला, कारण बचावाचे अर्धे शिक्षण तुमच्याकडे आधीच आहे. चढाई करणारा अंगावर येतो तेव्हा चांगला कोपरारक्षक घाईने झेप घेत नाही. गुडघे वाकवून, पावले लहान ठेवून, त्याला आपल्या सोयीच्या बाजूला नेतो आणि त्याचा तोल गेला की पकड करतो. फुटबॉलमध्येही तसेच उभे राहायचे. समोरचा चेंडू घेऊन आला की त्याच्यापासून दीड हात अंतर ठेवून, अंग थोडे तिरके करून, चेंडूकडे नजर लावून मागे सरकत जायचे आणि त्याला रेषेकडे ढकलायचे. त्याच्या पायांच्या हालचालींकडे पाहाल तर फसाल, चेंडूकडे पाहिलेत तर फसणार नाही. नवखा माणूस हमखास एकच चूक करतो, ती म्हणजे पहिल्याच क्षणी पाय टाकणे. पाय हुकला की समोरचा मोकळा झाला आणि तुमचा गोलरक्षक एकटा पडला. तुम्ही त्याला तीन-चार सेकंद जरी अडकवून ठेवलेत, तरी तेवढ्यात तुमचे दोन साथीदार परत मागे येतात.

चेंडू तुमच्या पायात आला, तर त्याचे काय करायचे हे तो येण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे. म्हणून चेंडू येत असताना एकदा खांद्यावरून मागे बघून घ्या. मग तो पावलाच्या आतल्या बाजूने थांबवा आणि जवळच्या मोकळ्या साथीदाराला द्या. पास देताना टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी हवा, त्याचा अंगठा ज्याला पास द्यायचा त्याच्याकडे हवा, आणि मारणाऱ्या पायाचा घोटा कडक हवा. घोटा सैल राहिला की चेंडू फिरत भलतीकडे जातो. रोज २० मिनिटे वसतिगृहाच्या भिंतीवर चार-पाच पावलांवरून असे पास मारा, परत आलेला चेंडू एका स्पर्शात थांबवा, दुसऱ्या स्पर्शात मारा. निम्मा वेळ डाव्या पायाला द्या. दहा दिवसांत तुम्ही कलाकार होणार नाही, पण चेंडू आला म्हणून घाबरणारही नाही.

आणखी एक नियम लक्षात ठेवा, बचावपटूला तो माहीत असलाच पाहिजे. साथीदाराने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत नाही. १९९२ पासून हा नियम आहे. त्यामुळे अडचणीत सापडल्यावर गोलरक्षकाला पास दिलात तर तो त्याला पायानेच खेळावा लागेल. तो पायाने कच्चा असेल तर चेंडू सरळ रेषेबाहेर मारा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

उत्तर २ – फिजिओ ताई

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून घोट्याविषयीच बोलते. सहा महिने वर्गात आणि लॅपटॉपपुढे बसलेले पंचविशीतील विद्यार्थी एका सकाळी अचानक जिवाच्या आकांताने धावतात, आणि मग माझ्याकडे मांडीच्या मागचा स्नायू ताणलेले किंवा घोटा मुरगळलेले रुग्ण येतात. यातील पुष्कळ दुखापती टाळता येण्यासारख्या असतात.

आजपासून एक दिवसाआड २० मिनिटे धावा, आणि त्यात अधूनमधून २०-२५ मीटर वेगाने पळून थांबण्याचा व वळण्याचा सराव करा, कारण फुटबॉलमध्ये पाय सरळ धावताना फारसा दुखावत नाही, तो थांबताना आणि वळताना दुखावतो. दात घासताना एका पायावर उभे राहा. घोट्याचा तोल सुधारण्यासाठी हा साधा व्यायाम खरोखर उपयोगी आहे. सामन्याआधी फिफाच्या ‘११ प्लस’ पद्धतीने शरीर गरम करा. त्यात हळू धावणे, मग ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम, आणि शेवटी वेगाने धावणे असे तीन भाग असून सुमारे २० मिनिटे लागतात. सामना ७ वाजता असेल, तर संघाने साडेसहाला हजर असावे.

टर्फवर धावण्याचे गुळगुळीत तळव्यांचे बूट घालू नका. दंव पडलेल्या कृत्रिम गवतावर ते घसरतात. लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब टणक खुंट्या असलेले, बूट त्या गवतात अडकतात आणि गुडघा पिळवटतो. बारीक रबरी खुंट्या असलेले टर्फचे बूट घ्या किंवा कोणाचे तरी मागून आणा. नडगीवर शिनगार्ड अवश्य बांधा. फुटबॉलच्या नियमांत ते सक्तीचे आहेत, पण मैत्रीपूर्ण सामन्यात सगळे त्याकडे काणाडोळा करतात. अंगठ्या, कडी आणि साखळ्या काढून ठेवा.

घोटा मुरगळलाच, तर खेळ तिथेच थांबवा. कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे लावा, पाय उंच ठेवा आणि दाबाची पट्टी बांधा. त्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढून घ्या. चोळणे आणि मालीश करणे पहिले दोन-तीन दिवस पूर्णपणे टाळा.

उत्तर ३ – माजी क्रीडा समिती

मी मुंबईतील एका व्यवस्थापन संस्थेत क्रीडा समितीवर होतो आणि असे सामने भरवले आहेत. तुमच्या मूळ प्रश्नाचा एक भाग मागे राहतो आहे असे वाटते. नवख्याने खेळावे की नाही, हे त्या नवख्यावर सोपवणेच अन्याय्य आहे. ते दोन्ही वर्गांनी आधी बसून ठरवले पाहिजे.

साधा हिशोब करा. गोलरक्षक पूर्ण वेळ तोच राहिला, तर उरलेल्या ६ जागांसाठी ५० मिनिटांप्रमाणे ३०० मिनिटे होतात, आणि ती १३ जणांत वाटली तर प्रत्येकाला सुमारे २३ मिनिटे मिळतात. हौशी पातळीवरच्या खेळात बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत येऊ देण्याची मुभा नियमांतही आहे. म्हणून दर पाच मिनिटांनी बदल करण्याचे दोन्ही वर्गप्रतिनिधींनी लेखी ठरवावे आणि घड्याळ एका तटस्थ विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. घसरून टॅकल करण्यावर, म्हणजे जमिनीवर घसरत जाऊन पायाने चेंडू हिसकावण्यावर, पूर्ण बंदी ठेवावी. पंच बाहेरचा आणावा, त्याचे मानधन दोन्ही वर्गांनी निम्मे-निम्मे द्यावे. वर्गमित्राला शिट्टी दिली की प्रत्येक निर्णयात पक्षपात दिसू लागतो, आणि बहुतेक भांडणांचे मूळ तिथेच असते.

हे मी तळमळीने लिहितो आहे. पुढचे दीड वर्ष याच लोकांबरोबर तुम्हाला प्रकल्प करायचे आहेत, आणि शेवटी एकाच कंपनीच्या मुलाखतीला शेजारी-शेजारी बसायचे आहे.

रंकाळ्याचा बॅक

पंच आणि टॅकलविषयी पूर्ण सहमत आहे, मात्र दर पाच मिनिटांच्या बदलाला माझा विरोध आहे. नवख्या माणसाला मैदानात आपली जागा सापडायलाच तीन-चार मिनिटे लागतात, आणि ती सापडली तोच त्याला बाहेर बोलावले तर तो काहीच शिकत नाही. प्रत्येकाला सलग १० ते १२ मिनिटांच्या दोन खेपा द्या. एकूण वेळ तेवढाच होतो.

माजी क्रीडा समिती

हा मुद्दा मान्य आहे. दोन खेपांची पद्धत अधिक चांगली.

विदर्भातला विद्यार्थी

सर्वांचे मनापासून आभार. सामना काल झाला. दोन्ही वर्गप्रतिनिधींना हा धागा दाखवला; दोन खेपांची पद्धत, बाहेरचा पंच आणि टॅकलवरील बंदी हे तिन्ही मान्य झाले. आम्ही २ विरुद्ध ३ गोलांनी हरलो, पण १४ही जण खेळले आणि सामन्यानंतर दोन्ही तुकड्यांनी एकत्र बसून मिसळ खाल्ली.

मी उजव्या बचावात दोनदा उतरलो. पहिल्या खेपेत पाय टाकलाच, आणि त्यातूनच त्यांचा दुसरा गोल झाला. त्याचे फार वाईट वाटले. दुसऱ्या खेपेत तोच मुलगा पुन्हा रेषेजवळून आला, तेव्हा मी कोपऱ्यात उभा असल्यासारखा गुडघे वाकवून मागे सरकत राहिलो. त्याने दोनदा हूल दिली, मी चेंडूकडेच पाहत राहिलो, आणि शेवटी चेंडू त्याच्याच पायाला लागून बाहेर गेला. आमची गोलरक्षक मागून माझे नाव घेऊन ओरडली, तो आवाज अजून कानात आहे. घोटे सर्वांचे शाबूत आहेत.

फक्त एक शंका राहिली. तो थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेर गेलेला चेंडू हातांनी आत फेकणे, मीच घेतला आणि पंचांनी तो चुकीचा ठरवून चेंडू त्यांना दिला. जानेवारीत परतीचा सामना ठरला आहे, त्याआधी हे समजून घ्यायचे आहे.

रंकाळ्याचा बॅक

बहुधा चेंडू सोडताना मागचा पाय उचलला गेला असेल. दोन्ही पावलांचा काही भाग रेषेवर किंवा रेषेबाहेर जमिनीला टेकलेला हवा, आणि चेंडू दोन्ही हातांनी डोक्यामागून डोक्यावरून यायला हवा. पाय फाकवून उभे राहा आणि मागच्या पायाचा अंगठा जमिनीवरून घासत आणा, म्हणजे तो उचलला जाणार नाही. भिंत तीच वापरा.