मदत हवी आहे: घरी अडकलेय, फुकटात ऑनलाईन काय करता येईल?

खिडकीपाशी
प्लास्टर आहे. अजून महिनाभर तरी घराबाहेर पडायचं नाही. यूट्यूब बघून डोकं उठलंय, रील्स नकोत, मालिका तर अजिबात नकोत. करण्यासारखं किंवा शिकण्यासारखं काही असेल तर सुचवा. फुकटच हवं. 'सात दिवस मोफत' म्हणत कार्डाचा नंबर मागणारे नकोत. लवकर सांगा, वेड लागायची पाळी आलीये.

चकलीचा_सोऱ्या
वय काय? फोन की लॅपटॉप? इंग्रजी चालतं का? आवड कशाची? डॉक्टरला फोन करून नुसतं 'दुखतंय' म्हणावं तसं झालं हे.

निवृत्त_मास्तर
स्वयम्, सरकारचं ऑनलाईन अभ्यासक्रमांचं संकेतस्थळ. बाकी काही बघूच नका. त्यावरच एनपीटीईएलचे अभ्यासक्रम आहेत, आयआयटीची मंडळी २००३ पासून हे काम करतायत. शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. सत्रं साधारण जानेवारीत आणि जुलैत सुरू होतात. मी स्वतः निवृत्तीनंतर मातीशास्त्र केलं, अजून लोक कुंडीतल्या झाडांचं विचारायला येतात.

मधली_सुट्टी
सर, बाई हाड मोडून बसल्यात आणि तुम्ही सेमिस्टर लावताय. त्यापेक्षा चित्रं काढा! पेन्सिल आणि पाठकोरे कागद, एवढ्यात भागतं.

घोडा_अडीच_घर
लिचेस, बुद्धिबळाचं संकेतस्थळ. जाहिरात नाही, पैशाचं काही नाही, सगळं लोकांच्या देणग्यांवर चालतं. कोडी सोडवत बसा, वेळ कुठे गेला कळणार नाही. २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकल्यापासून आमच्या सोसायटीत आज्याही पट मांडून बसतात.

खिडकीपाशी
चित्रं कशी काढू? उजव्या हातालाही प्लास्टर आहे, पाय आणि हात दोन्ही. डाव्या अंगठ्याने टाइप करतेय म्हणून थोडक्यात लिहिलं होतं. फोनच आहे. रोजचा दीड जीबी, त्यातला निम्मा लेक हॉटस्पॉटवर संपवते. वय ५२. इंग्रजी वाचता येतं, पण ऐकायला गेलं की उच्चार झेपत नाहीत. बुद्धिबळ येत नाही आणि शिकायचंही नाही.

चकलीचा_सोऱ्या
घ्या! हात हा तपशील आता येतोय. मग व्हिडिओवाले अभ्यासक्रम बाद. मास्तर, ऐकताय ना?

निवृत्त_मास्तर
व्हिडिओसोबत लेखी मजकूरही असतो बऱ्याच ठिकाणी. पण असो, मी काही बोलत नाही.

कृष्णविवर
झूनिव्हर्स बघा. एका अंगठ्याचं काम. शास्त्रज्ञांकडे फोटोंचे ढीग पडलेले असतात, ते आपल्यासारख्यांनी बघून सांगायचं: ही दीर्घिका, म्हणजे गॅलॅक्सी, गुळगुळीत दिसते की तिला भुजा आहेत? जंगलातल्या कॅमेऱ्यात आलंय ते हरीण की नुसतंच हललेलं गवत? एकच फोटो बऱ्याच जणांना दाखवतात, त्यामुळे तुमचं एखादं उत्तर चुकलं तरी बिघडत नाही. हे 'गॅलॅक्सी झू'पासून सुरू झालं, २००७ मध्ये. त्याच वर्षी हॅनी फान आर्केल या नेदरलँड्सच्या शाळेतल्या शिक्षिकेला त्या फोटोंत एक विचित्र ठिपका दिसला. तिने विचारलं, 'हे काय आहे?' खगोलशास्त्रज्ञांनाही सांगता येईना. आज तो चमकणारा वायूचा ढग तिच्याच नावाने ओळखला जातो. फोटो आहेत, व्हिडिओ नाहीत, त्यामुळे डेटाही पुरेल.

विकीवाला
त्यापेक्षा मराठी विकिपीडियावर लिहा. १ मे २००३ पासून चालू आहे, तरी अजून कितीतरी गावांच्या पानांवर दोनच ओळी आहेत. दुसऱ्यांच्या दीर्घिका मोजण्यापेक्षा आपल्या भाषेचं काम बरं.

मधली_सुट्टी
विकीवाले, हात! प्लास्टर!

विकीवाला
जीबोर्डवर, म्हणजे फोनच्या गूगल कीबोर्डवर, माइकचं चित्र दाबा आणि मराठीत बोला. मी स्वयंपाक करताना असंच लिहितो.

मधली_सुट्टी
तरीच परवाच्या लेखात मधेच 'कुकर बंद कर' होतं.

कांडवेल
कॅल्शियम चालू आहे ना? आमच्याकडे हाडसांधीचा लेप लावायचे.

चकलीचा_सोऱ्या
प्लास्टरवरून लेप? त्यांनी काय विचारलंय ते तरी वाचा.

तांबट
धाग्यावर उशिरा आलो. ताई, तुमचं नाव खिडकीपाशी, मग खिडकीच वापरा की. मर्लिन हे पक्षी ओळखायचं ॲप फुकट आहे, कॉर्नेल विद्यापीठाचं. आपल्या भागाचं पॅक एकदा वायफायवर उतरवलं की पुढे नेट लागत नाही. फोन कठड्यावर ठेवायचा आणि आवाज टिपायला लावायचं. पक्षी ओरडला की नाव वर येतं, पुन्हा ओरडला की तीच ओळ उजळते. शहरातही साळुंकी, बुलबुल, शिंपी आणि टुक टुक करत बसणारा तांबट एवढे तरी हमखास मिळतात. मग ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर, यादी टाका. एका जागी पंधरा मिनिटं बसून केलेली यादीही त्यांना चालते, फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या पक्षीगणनेत तर तेवढीच मागतात.

माळढोक
मर्लिनने सांगितलं म्हणून यादीत टाकू नका. दयाळ दुसऱ्यांच्या नकला करतो, ॲप हमखास फसतं. डोळ्यांनी बघा, मग लिहा. असल्या याद्या तपासता तपासता आमचे डोळे जातात.

तांबट
त्यांना उठता येत नाही, बघणार कुठून? ओळखीचा आवाज असेल तर ऐकलेला पक्षीही नोंदवता येतो. खात्री नसेल तर सोडून द्यावा, एवढंच.

माळढोक
हेच म्हणतोय मी.

खिडकीपाशी
मर्लिन उतरवलं, लेकीचा सगळा डेटा गेला, ती चिडलीये. समोरच्या गुलमोहरावर रोज पहाटे शीळ घालतो तो दयाळ निघाला. मी इतकी वर्षं बुलबुल समजत होते. झूनिव्हर्समध्ये शिरले पण खातं उघडायला सांगतात. ते फुकट आहे ना नक्की?

कृष्णविवर
फुकट. खातं न उघडताही फोटो बघता येतात, फक्त तुमचं काम तुमच्या नावावर जमा होत नाही.

आईआठवीची
नमस्कार, माझा मुलगा आठवीत आहे, सेमी इंग्रजी. यातलं त्याला काय चालेल? त्याला प्लास्टर नाहीये.

निवृत्त_मास्तर
स्वयम्.