'आमचे दरवाजे सर्वांना खुले' – आणि दाराआधीच्या तीन पायऱ्या

तळमजला
परवा 'लघुउद्योजकाची डोकेदुखी' या धाग्यावर भोसरीकरांनी लिहिलं ते थोडक्यात असं: 'आमचे दरवाजे सर्वांना खुले आहेत. आम्ही माणूस बघतो, अपंगत्व नाही. पण २२ माणसांच्या वर्कशॉपमध्ये एकासाठी अख्खी इमारत बदला म्हणणं व्यवहारात बसत नाही. थोडं त्यांनीही जुळवून घ्यावं.' त्यावर वाहवांची रांग. तिथेच उत्तर लिहायला बसले होते, लांबलं म्हणून वेगळा धागा.

अहो भोसरीकर, १९ वर्षं जुळवूनच घेतेय. डाव्या पायाला पोलिओ, कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्टा-सळ्यांचा साचा), एक कुबडी. काम अकाउंट्सचं. ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ते चालतं, कठडा धरून चढते. पण टॉयलेट जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आणि भारतीय बैठकीचं. कॅलिपरचा गुडघा लॉक असताना तिथे बसून दाखवा कुणीतरी. म्हणून सकाळी चहा नाही, घरी परतेपर्यंत घोटभर पाणी. दोनदा मुतखडा झाला. आणि साहेबांच्या केबिनला लागून कमोड होता, कुलपात! चावी मागायचा धीर यायला मला सहा वर्षं लागली. साहेबांनी एका मिनिटात काढून दिली, वर म्हणाले, 'आधी नाही का सांगायचं?' बरोबरच आहे. पण सहा वर्षं मी पाणी का पीत नाही, हे शेजारच्या टेबलालाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

मग रॅम्प. दारात सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या, म्हणजे १८ इंच उंची. एकास बाराचा उतार, म्हणजे इंचभर उंचीला फूटभर लांबी धरली तर १८ फूट लागतात. आमच्याकडे पाच फुटांत उरकलाय, वर गुळगुळीत टाइल. पावसाळ्यात त्यावरून मीच काय, कुत्रंही जात नाही. सध्या तिथे दोन ॲक्टिव्हा उभ्या असतात.

आणि ३ डिसेंबर. दिव्यांग दिनाचा कार्यक्रम बाजूच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. मी म्हटलं, खाली घ्या किंवा मला सोडा. चौघांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं. साडी सावरू की कुबडी, तेवढ्यात फोटो निघाला. तो अजून कंपनीच्या पानावर आहे, खाली लिहिलंय 'सोबत चालूया'.

भोसरीकर
ताई, तुमच्या साहेबांचं बिल माझ्या नावावर कशाला? माझं वाक्य अर्धंच उचललंत. त्याच प्रतिसादात लिहिलं होतं की मी २०१८ मध्ये एक कर्णबधिर मुलगा कामाला ठेवला होता. कामाला सोनं. प्रेसवर त्याच्याइतकी कमी रिजेक्शन कुणाची नव्हती. आठव्या महिन्यात मागून फोर्कलिफ्ट रिव्हर्स आली. हॉर्न वाजत होता, त्याला ऐकू आला नाही. पायाची दोन बोटं गेली. दवाखाना, ईएसआयचे कागद, इन्स्पेक्टरच्या चकरा सगळं केलं. त्याच्या आईसमोर बसणं सगळ्यात कठीण गेलं. त्यानंतर ठरवलं, पुन्हा नाही. याला तुम्ही भेदभाव म्हणा, मी भीती म्हणतो.

टूलरूम
भोसरीकर, वाईट झालं. पण एक विचारतो. तुमच्या प्रेसशॉपमध्ये बाकीचे इअरप्लग लावतात ना? लावत नसतील तर तो वेगळा गुन्हा. लावत असतील तर हॉर्न त्यांनाही धड ऐकू येत नाही. मग तुमची सुरक्षितता कानांवर उभी कशी? आमच्याकडे फोर्कलिफ्टला निळा दिवा आहे, गाडी यायच्या आधी जमिनीवर ठिपका येतो. पिवळ्या पट्ट्यांच्या आत माणसाने जायचं नाही, बाहेर गाडीने यायचं नाही. व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) टॉवर लॅम्प असतोच, लाल झाला की बहिराही थांबतो आणि ऐकणाराही. आमच्याकडे तिघं कर्णबधिर आहेत. इतरांना खुणांची भाषा येत नाही, पण 'थांब', 'साइज गेली', 'चहा' एवढ्या खुणा सगळ्यांना येतात. तिसरी सगळ्यात आधी शिकले.

भोसरीकर
निळा दिवा आता बसवलाय. तो तेव्हा नव्हता, एवढंच.

कानानेवाचतो
रॅम्पवाल्यांचं दुःख निदान डोळ्यांना दिसतं. मी पूर्ण अंध, सरकारी बँकेत क्लार्क. लागलो तेव्हा पहिले आठ महिने मला काम दिलं नाही. पगार चालू. सकाळी जायचं, फोनपाशी बसायचं, फोन दुसऱ्याने उचलायचा. मॅनेजर सज्जन माणूस, म्हणायचा, 'तुम्हाला कशाला त्रास?' ज्यांना हे ऐश वाटतं त्यांनी आठ दिवस करून बघावं.

पुढच्या मॅनेजर मॅडमनी एकच केलं. एनव्हीडीए टाकायची परवानगी आणली. पडद्यावरचं वाचून दाखवणारा फुकटचा स्क्रीन रीडर, पण बँकेच्या मशीनवर टाकायचा म्हणजे आयटीची मान्यता. चार महिने. त्यानंतर रोजचं काम मी करतो. अडतो कुठे, तर मराठी परिपत्रकांवर. अर्धी स्कॅन केलेली, म्हणजे माझ्यासाठी कोरा कागद. उरलेली जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये. तुम्हाला पडद्यावर सुंदर मराठी दिसतं, माझ्या कानात इंग्रजी अक्षरं आणि अर्धविरामांचा कचरा पडतो. युनिकोडमध्ये टाईप करायला काय खर्च येतो हो भोसरीकर? इथे तर भिंतही फोडायची नाही.

माणदेशी गुरुजी
सगळं पटतं, पण नाण्याची दुसरी बाजू कोणीच बोलत नाही. झेडपीत या. २०१७ पासून शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या आणि संवर्ग एकमध्ये (दिव्यांग वगैरे, ज्यांना बदलीत आधी निवड मिळते तो गट) अचानक बहिऱ्यांची साथ आली. काल स्टाफरूममध्ये कुजबुजलेलं ऐकणारा माणूस आज ४२ टक्के कर्णबधिर! मी ११ वर्षं अवघड क्षेत्रात काढली. पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळा. सोपी गावं मात्र संवर्ग एकने आधीच उचललेली. आधी हे बोगस बाहेर काढा, मग सवलतींचं बोला.

भोसरीकर
+१ गुरुजी. २०२४ मध्ये प्रशिक्षणार्थी आयएएसची उमेदवारी यूपीएससीने रद्द केली, तिथेही प्रमाणपत्रांचा वाद होताच.

उजवा कान
गुरुजी, मीही झेडपीतच आहे आणि संवर्ग एकमध्येच. लहानपणी कान फुटला, दुसरा हळूहळू गेला. मशीन लावतो. मशीन केसांआड आहे, तर सहकारी टाळ्या वाजवून 'टेस्ट' घेतात. मी फळ्याकडे वळलो की मागून नाव घेऊन हाक मारतात आणि मी वळलो तर हसतात, 'बघा, ऐकू आलं!' अहो, कंपन कळतं, मुलांचे चेहरे वळतात ते दिसतं. यावर्षी फेरपडताळणीला तिसऱ्यांदा गेलो. रांग, टोकन, पुन्हा तीच बटण दाबायची टेस्ट. तुमच्या चोरांचा दंड मी भरतोय.

माणदेशी गुरुजी
बटणाच्या टेस्टवरच तर आक्षेप आहे. ऐकू आलं तरी बटण दाबायचं नाही, झालं काम. बेरा ही कानाची तपासणी करा ना सर्वांची! त्यात मेंदूची नोंद येते, नाटक चालत नाही.

उजवा कान
बेरा माझी दोनदा झाली आहे. डोक्याला वायरी लावून घेतलेले ते रिपोर्ट स्टाफरूममध्ये फ्रेम करून लावू?

माणदेशी गुरुजी
तुम्हाला वैयक्तिक बोललो नाही.

उजवा कान
'बहिऱ्यांची साथ' हे कुणाला बोललात मग? ओढ्याला?

वकिलीण
दोघांनी पाणी प्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ९१ आहे: खोटेपणाने लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चोर पकडायला हत्यार आहे, वापरत नाहीत तो दोष खऱ्या दिव्यांगांचा नाही. गुरुजी, बदलीचं धोरण चुकलं असेल तर ग्रामविकास विभागाशी भांडा.

आणि भोसरीकर, तुम्ही २२ माणसं म्हणालात. खासगी आस्थापनेला आरक्षण नाही, ४ टक्के सरकारी नोकऱ्यांत. पण समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला लागतं, आणि २० किंवा जास्त कामगार असतील तर त्यात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी आणि एक संपर्क अधिकारीही हवा. धोरणाची प्रत दिव्यांगांसाठीच्या आयुक्तांकडे नोंदवायची असते. केलंय?

भोसरीकर
नाही. दोघांना काढतो, म्हणजे वीस. अरे, वीसलाही लागतंय. तिघांना काढतो.

वकिलीण
काढा. धोरण तरी लागेलच, फक्त छोटं.

श्टुटगार्टचा पाटील
इकडे वीसपासून पाच टक्के गंभीर अपंगत्व असलेले कर्मचारी ठेवावेच लागतात, नाहीतर दरमहाच्या हिशोबाने भरणा. बऱ्याच कंपन्या निमूट पैसे भरून मोकळ्या होतात, हेही सांगतो.

भोसरीकर
जर्मनी आली म्हणजे धागा आता शंभरी गाठणार.

शुद्धलेखन
अवांतर: वर कुणी 'अपंग', कुणी 'दिव्यांग', कुणी 'बहिरा' लिहितंय. एकच शब्द ठरवा.

तळमजला
शब्द तुम्ही ठरवा, मी तोवर पायऱ्या मोजते. माझ्या कॅलिपरमध्ये दिव्य काही नाही, स्टील आणि चामडं आहे.

आणि गुरुजी, हात जोडते. टॉयलेटची चावी एवढा विषय होता. तुम्ही आणि उजवा कान मिळून तो संवर्ग एकला नेलात. दरवेळी हेच होतं. आम्ही म्हणायचं पायरी, समोरून येतं 'पण बोगसचं काय'. मीही बोगस वाटते का? एक्स-रे टाकू?

माणदेशी गुरुजी
ताई, तुमच्याबद्दल शंका नाही. पण ११ वर्षं कमी नसतात.

कानानेवाचतो
१९ पण कमी नसतात, गुरुजी.

वकिलीण
पायऱ्यांवर यायचं तर: राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने ८ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, बंधनकारक मानकं करा. सरकारला तीन महिने दिले होते.

भोसरीकर
तीन महिने सरकारला, आणि भिंती आम्ही फोडायच्या. चालू द्या. गाळा भाड्याचा आहे, मालक खिळा ठोकू देत नाही, हे कोर्टाला सांगणार कोण?

बाकी काल दुपारी टेप घेऊन बाहेर गेलो होतो. कुणी कौतुक करू नये, चिडून गेलो होतो. चार पायऱ्या, सात-सात इंचांच्या. म्हणजे तळमजलाताईंच्या हिशोबाने २८ फूट. दारापासून गेट १७ फुटांवर. रॅम्प थेट रस्त्यावर जातो. आता बोला.

टूलरूम
मध्ये सपाट टप्पा द्या आणि उलटा वळवा. दोन तुकडे, १४-१४ फूट. चेकर्ड प्लेटचा (खडबडीत नक्षीचा लोखंडी पत्रा) केलात तर भिंतीला हातही लागत नाही, गाळा सोडताना उचलून न्या. फॅब्रिकेशनवाला तुमच्याच लेनमध्ये असेल.

भोसरीकर
समोरच आहे. त्याच्याकडे माझे पैसे अडकलेत, तो विषय वेगळा.

तळमजला
भोसरीकर, प्लेट येईल तेव्हा येईल. वॉचमनच्या केबिनशेजारी एक खोली आहे असं तुम्हीच जुन्या धाग्यावर लिहिलं होतंत. तिथे मुलाखत घेता येते. टेबल, दोन खुर्च्या, बस.

भोसरीकर
त्यात ऑइलचे रिकामे ड्रम आहेत.

तळमजला
किती?

भोसरीकर
नऊ.

माणदेशी गुरुजी
पण बेरा सक्तीची करणार की नाही, याचं उत्तर कोणी दिलंच नाही.