"देव घडवील" म्हणून हातावर हात ठेवून बसायचं का? यिर्मयाचा १८वा अध्याय आपण अर्धाच वाचतो

समासातली टीप (धागाकर्ता)

यिर्मया १८:१-६ (बायबलच्या जुन्या करारातलं यिर्मया संदेष्ट्याचं पुस्तक). कुंभाराच्या घरी जा, तिथं तुला माझं वचन ऐकवतो, असं देव संदेष्ट्याला सांगतो. चाकावरचं पात्र कुंभाराच्या हातात बिघडतं आणि तो त्याच मातीचं दुसरं घडवतो. आपल्याकडे उपदेश इथंच संपतो. मग "प्रभू, मला घडव" अशी प्रार्थना होते आणि मंडळी घरी जातात.

सहाव्या वचनावर थांबलं की अध्यायाचा अर्थच उलटा होतो, असं माझं मत. ७ ते १० वाचा. एखाद्या राष्ट्राला "उपटून टाकीन" म्हटलं आणि ते दुष्टाईपासून वळलं, तर देव आपला बेत बदलतो. "बांधीन, लावीन" म्हटलं आणि ते ऐकेनासं झालं, तर कबूल केलेलं बरंही तो करत नाही. म्हणजे ही माती वळते किंवा वळायला नकार देते. हिब्रू क्रियापद 'शूव', परत फिरणे. आणि कुंभारासाठीचा 'योत्सेर' हा शब्द अकराव्या वचनात पुन्हा येतो, तो असा: मी तुमच्यावर अरिष्ट *घडवतो* आहे, तेव्हा फिरा. त्यावर लोक काय म्हणतात? बाराव्या वचनाचा आशय: काही उपयोग नाही, आम्ही आमच्याच बेतांप्रमाणे चालणार.

पुढच्या अध्यायात तर संदेष्टा मातीचा चंबू विकत घेतो, जेरुसलेमजवळच्या हिन्नोमच्या खोऱ्यात नेतो आणि वडीलधाऱ्यांसमोर फोडतो. (हिब्रूत त्याला 'बकबूक' म्हणतात, पाणी ओतताना होणाऱ्या आवाजावरून. आपला 'बुडबुड' त्याचा चुलतभाऊ शोभावा.) तो पुन्हा सांधता येत नाही, असं १९:११ सरळ सांगतं.

तेव्हा "देवावर सोपवलं" हे वाक्य पुरेसं आहे का? माझ्या मते नाही. काय बिघडलं, कोणाचं बिघडवलं आणि कुठं परत फिरायचं हे नाव घेऊन सांगता येत नसेल, तर ते सोपवणं नव्हे, टाळणं.

चाक आणि दोरा

बायबलचं तुम्ही बघा, मातीचं मी सांगतो, कारण दाखला कुंभाराचा आहे.

चाकावर भांडं का बिघडतं? माती नीट मळली नसेल तर आत हवा राहते आणि भिंत वर ओढताना तिथं फुगवटा येतो. बारीक खडा राहिला तर बोटांखाली ओरखडा उठतो. गोळा चाकाच्या मध्यावर बसला नसेल तर डगमग वर जाईल तशी वाढतच जाते. पाणी जास्त झालं की भिंत मऊ पडून बसते. यातलं एकही काम माती स्वतः दुरुस्त करू शकत नाही. खडा तिला काढता येत नाही, मध्यावर तिला येता येत नाही.

आणि चौथं वचन नीट वाचा: पात्र कुंभाराच्या *हातात* बिघडलं. हातातून सुटून नव्हे. तो गोळा फेकत नाही, दोऱ्याने कापून उचलतो, जास्तीचं पाणी जिरू देतो, पुन्हा मळतो, पुन्हा चाकावर ठेवतो. आश्वासन आहे ते इथं. तुम्ही म्हणता ते वळणं खरंच आहे, पण ते हाताच्या दाबाखाली होतं. यशया ६४ मध्ये, म्हणजे दुसऱ्या एका संदेष्ट्याच्या पुस्तकात, आधी कबुली आहे, आमची धर्मकृत्यं मळक्या वस्त्रासारखी झाली आहेत. मग आठव्या वचनात "आम्ही माती, तू आमचा कुंभार". मातीने आपली यादी करून दिल्याचं तिथं दिसत नाही.

आणखी एक. आपल्याकडे गोरोबाकाकांची कथा सगळ्यांना पाठ. थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. आपण तो अपमान म्हणून सांगतो. पण कुंभाराला विचारा, पुन्हा माती कशाची होते? कच्च्याचीच. पक्कं मडकं चुकलं असेल तर चुकलेलंच राहतं.

समासातली टीप

कच्च्या मडक्याचा मुद्दा मान्य, आणि आवडलाही. पण तो माझ्याच बाजूचा आहे. १८व्या अध्यायातली माती ओली आहे म्हणून तिला "फिरा" म्हणता येतं.

माती स्वतः काही करत नाही म्हणता, तर २ तीमथ्य २:२०-२१ (नव्या करारातलं प्रेषित पौलाचं पत्र) चं काय करायचं? मोठ्या घरात सोन्यारुप्याची पात्रं असतात तशी लाकडाची आणि मातीचीही. आणि जो कोणी *स्वतःला* या गोष्टींपासून शुद्ध करील तो धन्याच्या उपयोगाचं पात्र होईल. इथं पात्राला स्वतःला शुद्ध करायला सांगितलंय. दाखला मोडतो खरा, पण मोडणारा मी नाही.

वसईवाला

कॅथलिकांकडे हे भांडण सोळाव्या शतकात होऊन गेलं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४७ साली सांगितलं की सुरुवात कृपेचीच, पण माणूस तिला होकार देऊ शकतो, नाकारू शकतो. निर्जीव वस्तूसारखा तो पडून राहतो, हे मत परिषदेने नाकारलं.

व्यवहारात ते असं दिसतं. पापनिवेदनात (कन्फेशनमध्ये) चार गोष्टी लागतात: मनापासून खंत, नाव घेऊन कबुली, धर्मगुरूंकडून पापमोचन आणि प्रायश्चित्त. लोक घसरतात ते चौथ्यावर. तीन वेळा 'प्रणाम मारिये' ही प्रार्थना म्हटली की हिशेब मिटला, असं समजतात. शिकवण तशी नाही. पापमोचनाने पाप जातं, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप सावरत नाही. चोरलेलं परत करायचं. कोणाची बदनामी केली असेल तर जिथं केली तिथंच ती पुसायची. बांध सरकवून शेजाऱ्याची वीतभर जमीन घेतली असेल, तर पापनिवेदनानंतर बांध जागेवर गेला पाहिजे.

केडगाव लोकल

> निर्जीव वस्तूसारखा तो पडून राहतो, हे मत परिषदेने नाकारलं

आणि आमच्या बाजूने कोणीही तसं म्हणत नाही. प्रॉटेस्टंट शिकवणीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. नीतिमान ठरणं, म्हणजे देवाने आपल्याला निर्दोष धरणं, हे विश्वासाने, एकदाच, ख्रिस्ताच्या पुण्यावर. पवित्रीकरण, म्हणजे जगणं पवित्र होत जाणं, आयुष्यभर चालतं, आणि त्यात घाम गाळावा लागतो. गोंधळ होतो तो दुसऱ्याची भाषा पहिल्याला लावली की. "मी बांध परत जागेवर नेला म्हणून देवाने मला स्वीकारलं" असं वाटायला लागलं की कृपा गेली आणि मजुरी आली.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथं नेमकं बसतं. बाप्तिस्मा १८८३ साली, इंग्लंडातल्या वाँटेजला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की त्यानंतर आठ वर्षांनी उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ही आठ वर्षं रिकामी नव्हती, शारदा सदन १८८९ मध्येच सुरू झालं होतं. म्हणजे काम होतं, निष्ठा होती, आणि तरी काही राहिलं होतं. ते राहिलेलं कामाने भरून निघालं नाही. उलट ते मिळाल्यावर काम वाढलं. दुष्काळातल्या शेकडो मुली, केडगावचं मुक्ती मिशन, आणि शेवटपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर. १९२२ साली त्या गेल्या, पूर्ण बायबल १९२४ ला निघालं. आधी विसावा, मग श्रम. क्रम उलटा केलात तर माणूस वर्षभरात थकतो.

समासातली टीप

क्रम मान्य. पण "आधी विसावा" म्हणत लोक विसाव्यातच राहतात, त्याचं काय? इंग्लंडात केझिक गावची ख्रिस्ती अधिवेशनं १८७५ पासून सुरू झाली आणि "सोडून द्या, देवाला करू द्या" ही भाषा तिथल्या शिकवणीशी जोडली गेली. जे. सी. राईल, जे पुढे लिव्हरपूलचे पहिले बिशप झाले, त्यांनी त्याच वेळी हरकत घेतली होती: नव्या करारात पवित्र जीवनासाठी शब्द येतात ते लढाईचे, शर्यतीचे, कुस्तीचे. पौलाच्याच फिलिप्पैकरांस पत्रात, २:१२-१३ मध्ये, दोन्ही आहे, भीत-कापत आपलं तारण साधून घ्या, *कारण* इच्छा आणि कृती तुमच्यात देव घडवतो. पौल 'म्हणून तुम्ही बसा' असं लिहीत नाही.

स्पष्टवक्ती

सगळे पुरुषच बोलताहेत असं दिसतंय, म्हणून हे कोणाच्या लक्षात आलं नसावं.

"देव तुला घडवतोय, सहन कर" हे वाक्य मंडळीत सर्वात जास्त कोणाला ऐकवलं जातं? नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला. धागाकर्त्याचं "परत फिर" तिच्या बाबतीत उलटंच पडतं, कारण तिला त्याच घरात परत फिरायला सांगतात. आणि चाकवाल्यांचं "हाताच्या दाबाखाली" तर ऐकवतच नाही.

यिर्मयात कुंभार देव आहे. नवरा नाही, सासू नाही, पाळक (पास्टर) नाही. मारणारा हात कुंभाराचा समजणं ही या दाखल्याची सर्वात वाईट चूक. पौल स्वतः दिमिष्कातून (दमास्कसमधून) पाटीत बसून तटावरून उतरला (प्रेषितांची कृत्ये ९:२५). फटके मारायला बांधलं तेव्हा रोमी नागरिकत्व पुढे केलं (२२:२५). त्याचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणत नाही.

पाळक हे वाचत असतील तर: २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ख्रिस्ती घरालाही लागू आहे, त्यात संरक्षण आदेश मिळतो आणि राहत्या घराचा हक्कही. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. आणि १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ च्या दुरुस्तीपासून क्रूरता हे ख्रिस्ती पत्नीसाठी स्वतंत्र कारण आहे. त्याआधी नुसत्या मारहाणीवर भागत नसे, व्यभिचारही सिद्ध करावा लागे. समेट करायला बसवण्याआधी तिला एकटीला, नवरा खोलीत नसताना, विचारा. समोर बसवून विचारलंत तर ती "सगळं ठीक आहे" म्हणणार, आणि घरी गेल्यावर त्याचीही किंमत मोजणार.

चाक आणि दोरा

बरोबर आहे. "दाब" हा शब्द मी परत घेतो.

बारावी पायरी

देवावर सोपवणं आणि स्वतः करणं यांची वाटणी पाहायची असेल तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बारा पायऱ्या पाहा. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली चळवळ, मुळं ख्रिस्ती गटांतली. आज त्यात कोणत्याही धर्माचा माणूस चालतो.

तिसरी पायरी: आपली इच्छा आणि आयुष्य देवाच्या हवाली करण्याचा निर्णय. लगेच चौथी: स्वतःची निर्भीड झडती, आणि ती लेखी करायचा प्रघात आहे. पाचवी: ती देवाला, स्वतःला आणि *दुसऱ्या एका माणसाला* सांगणं. सहावी आणि सातवी पुन्हा देवाची: हे दोष काढायला तयार होणं आणि तसं नम्रपणे मागणं. आठवी: ज्यांना दुखावलं त्यांची यादी. नववी: शक्य तिथं प्रत्यक्ष भरपाई, जिथं तसं केल्याने त्यांना किंवा इतरांना इजा होणार असेल ते सोडून. दोष *काढणं* माणसाच्या यादीत कुठंच नाही. त्याच्याकडे झडती, कबुली आणि भरपाई. समासवाले आणि चाकवाले, दोघांचंही त्यात बसतं.

बिघडतं कुठं? तिसरीवरून थेट अकरावीवर, म्हणजे प्रार्थना-मननावर, उडी मारली की. दुसरी चूक नवव्या पायरीची: स्वतःचं मन हलकं करायला समोरच्यावर ओझं टाकणं. ज्या बायकोला मारलं तिच्या दारात न विचारता माफी मागायला जाणं ही भरपाई नव्हे. उसने घेतलेले पैसे हप्त्याने फेडणं आणि ती नको म्हणते तोवर लांब राहणं, ही भरपाई.

स्पष्टवक्ती

शेवटचं वाक्य कापून देवळाच्या सूचनाफलकावर लावावं.

चाक आणि दोरा

फुटलेल्या चंबूबद्दल राहिलंच. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं, आणि मग ती कितीही भिजवली तरी माती होत नाही. तोपर्यंत होते. अगदी कोरडं ठणठणीत भांडं पाण्यात टाकलं तर पाहता पाहता ढासळतं. उलट अर्धवट वाळलेलं, चामड्यासारखं झालेलं, लवकर विरघळत नाही, ते आधी पूर्ण वाळवावं लागतं.

पण भाजलेली खापरंही कुंभार फेकत नाही. कुटून, चाळून त्यांची भरड नव्या मातीत मिसळतात. त्याने माती कमी आकसते, वाळताना तडे कमी जातात, चुलीवरच्या आचेला भांडं टिकतं. फुटलेलं पुन्हा चंबू होत नाही, पण दुसऱ्या भांड्याला उभं राहायला मदत करतं.

समासातली टीप

सुंदर आहे, पण यिर्मया १९ मध्ये नाही. संदेष्टा खापरं गोळा करून कुटत बसत नाही, जेरुसलेम खरंच पडतं. प्रत्येक विनाशाला लगेच फुलांचा हार घालायची घाई नको.

चाक आणि दोरा

अर्थ काढताना नाही घालत, पण कुंभाराच्या अंगणात तसं होतं एवढं खरं.

केडगाव लोकल

मग यिर्मयातलंच तिसरं मडकं घ्या, त्याकडे कोणी वळलंच नाही. अध्याय ३२. यहूदाच्या सिद्कीया राजाचं दहावं वर्ष, बाबेलचं (बॅबिलोनचं) सैन्य जेरुसलेमभोवती, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या अंगणात कैदेत. देव त्याला म्हणतो, अनाथोथचं शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन! तो काय करतो? १७ शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. खत लिहितो, सही करतो, मोहोर लावतो, साक्षीदार बोलावतो. मोहोरबंद प्रत एक, उघडी प्रत एक. दोन्ही आपल्या लेखनिकाच्या, बारूखाच्या, हाती देऊन सांगतो, मातीच्या पात्रात ठेव, पुष्कळ दिवस टिकतील. प्रार्थना त्यानंतर, सोळाव्या वचनापासून, आणि तीही गोंधळलेली: शहर तर शत्रूच्या हाती चाललंय, आणि तू म्हणतोस शेत घे?

समासवाल्यांना हवी ती नाव घेऊन केलेली कृती इथं आहे, अगदी साक्षीदारांसकट. चाकवाल्यांना हवं तेही आहे, कारण शेताचं पुढे काय व्हायचं यावर त्याचा काडीचाही ताबा नाही.

समासातली टीप

हे मी वाचलं होतं, १८ शी जोडलं नव्हतं. घेतो. "नाव घेऊन सांगता येत नसेल तर टाळणं" हे माझं वाक्य मात्र तसंच राहू दे. यिर्मयाने खतावर शेताचं नाव घातलंच होतं.

चाक आणि दोरा

घातलं होतं. आणि ते पात्र भाजलेलं होतं बरं का. कच्च्यात ठेवलं असतं तर पहिल्याच ओलीत खत आणि माती एक झाली असती.