मदत हवी आहे : बी.ए. राज्यशास्त्राला असताना संशोधनासाठी पैसे कुठून मिळतील?

नमस्कार मंडळी,

मी नाशिक जिल्ह्यात, तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. विषय राज्यशास्त्र. ग्रामपंचायतीच्या बिनविरोध निवडणुकांवर काम करतेय. जानेवारी २०२१ मध्ये सरपंचपदाच्या लिलावामुळे राज्य निवडणूक आयोगाने आमच्या जिल्ह्यातल्या उमराण्याची आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूक रद्द केली होती. तेव्हा मी शाळेत होते. घरात त्यावर खूप बोलणं व्हायचं आणि मला एकच प्रश्न पडायचा, जिथे लिलाव होत नाही तिथे बिनविरोध कसं ठरतं?

उन्हाळ्यात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला, पानाला २ रुपये भरून प्रती घेतल्या. एका ९ जागांच्या ग्रामपंचायतीत २३ अर्ज आलेले, त्यातले १४ मागे घेतलेले. माघारीच्या ११ अर्जांवर अक्षर एकाच माणसाचं आहे. खाली सह्या वेगवेगळ्या, आणि दोन बायकांचे अंगठे. मला त्या दोघींना भेटायचंय. अशी अठरा गावं काढली आहेत.

एसटीत आम्हाला अर्धं तिकीट आहे म्हणून प्रवास कसाबसा निभतो. पण झेरॉक्स, छपाई, कुठे मुक्काम करावा लागला तर तो खर्च, असे दहा-बारा हजार तरी लागतील. शोधलं तर आयसीएसएसआरच्या, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या, फेलोशिप पीएच.डी.पासून पुढच्या. सायन्सच्या मैत्रिणीला केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला ८० हजार मिळतात, विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिपही त्यांनाच. आमच्या विषयाला पदवीच्या मुलांसाठी काहीच नाही का?

एका ‘आंतरराष्ट्रीय परिषदेत’ निबंध वाचला. १५०० रुपये फी. आईने बचत गटातून उचलून दिले. सहा मिनिटं बोलायला मिळालं, एकही प्रश्न आला नाही आणि संध्याकाळी प्रमाणपत्र हातात. माझा निबंध तिथे कुणी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता, याचं फार वाईट वाटलं. मला प्रमाणपत्र नकोय. कुणीतरी काम वाचावं आणि कुठे चुकतंय ते सांगावं, एवढंच हवंय. अशी जागा कोणती?

प्रतिसाद १

मी राज्यशास्त्र शिकवते. आधी स्पष्ट सांगते, पदवीच्या मुलांना हातात रोख देणाऱ्या योजना आपल्या विषयात फारच थोड्या आहेत. त्यामुळे वाचणारी माणसं आधी शोध.

पहिलं ‘आविष्कार’. कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून चालणारी ही आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा. पदवीचा गट वेगळा असतो, आणि तुझा विषय मानव्यविद्या, भाषा व ललित कला या विभागात बसेल. आधी पोस्टर, निवड झाली की मंचावर सादरीकरण. परीक्षक पोस्टरपुढे उभं राहून खोदून विचारतात, तुला हवं ते तिथे मिळेल. कॉलेजच्या समन्वयकांना उद्याच गाठ, कारण नाव कॉलेजमार्फतच जातं. पुढच्या फेऱ्यांच्या प्रवासखर्चाचं काय, तेही तेव्हाच विचार आणि लेखी अर्ज दे.

दुसरं, चौथं वर्ष. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर ऑनर्स विथ रिसर्चला जाता येतं, प्रबंध १२ श्रेयांकांचा (क्रेडिटचा). तुझ्या कॉलेजात नसेल तर कुठे आहे ते आत्ताच बघून ठेव.

परिषदेबद्दल माझी एकच कसोटी आहे. निबंध स्वीकारण्याआधी त्यावर कुणी दोन ओळी तरी लिहून पाठवतं का? दुसऱ्याच दिवशी ‘अभिनंदन’ आणि पैसे भरायचा क्यूआर कोड आला, तर जाऊ नकोस.

आणि त्या दोन बायकांकडे पहिल्याच भेटीत माघारीचा कागद काढू नकोस. गावात त्यांनाच राहायचंय. नाव छापणार नाही, हे आधी सांग.

प्रतिसाद २

मी कॉलेजात असताना लोकनीती-सीएसडीएस या दिल्लीच्या संशोधन संस्थेच्या निवडणूक सर्वेक्षणात घरोघरी फिरलो. थोडं मानधन मिळालं, पण त्याहून मोठं म्हणजे प्रश्न कसा विचारायचा ते कळलं. निवडणूक जवळ आली की आसपासच्या राज्यशास्त्र विभागात चौकशी कर.

पदवी हातात आली की पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप बघ. खासदारासोबत संशोधन सहायक म्हणून काम, वय २५ पर्यंत. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री फेलोशिपला वर्षभराचा कामाचा अनुभवही मागतात, ती नंतर.

धागाकर्ती

मॅडम, दादा, मनापासून आभार. आविष्कारचं आमच्याकडे कुणी बोललंच नव्हतं, उद्या पहिल्या तासाआधी सरांना भेटते. त्या दोघींचं तुम्ही म्हणालात ते पटलं. कागद घरी ठेवूनच जाईन.

अजून एक विचारते. पोस्टरवर त्या ११ अर्जांच्या अक्षराचा फोटो नावं झाकून लावला तर चालेल का? की अक्षरावरूनही गावात माणूस ओळखला जाईल?