अमृतचं वय अन् आमचा उन्हाळा

बंगळूरच्या अमृत कंपनीच्या व्हिस्कीबद्दल 'पाच वर्षांची व्हिस्की म्हणजे कच्चीच, स्कॉच कशी बारा वर्षांची असते,' असं एकानं लिहिलंय. भाऊ, नुसती वर्षं मोजून भागत नाही, ती मुरवायचं लाकडी पिंप कुठं ठेवलंय तेही पाहा ना. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के माल वाफ होऊन उडतो, बंगळूरला १० टक्क्यांच्या आसपास. गरमीनं दारू लाकडात भराभर मुरते. अमृतची आठ वर्षांची 'ग्रीडी एंजल्स' महाग का, तर तोवर पिंपात उरतंच किती!

अन् २००४ साली त्यांनी आपली सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीत नुसत्या मोड आणलेल्या जवाची केलेली व्हिस्की, पहिल्यांदा विकायला काढली ती थेट ग्लासगोत. स्कॉचवाल्यांच्याच दारात! इकडची बहुतेक व्हिस्की तेव्हा साखर कारखान्यातल्या मळीच्या स्पिरिटवर चालायची, स्वस्तातली आजही चालते.

आमच्या चंद्रपूरकडं मे महिन्यात पारा ४५च्या वर. इथं पिंप ठेवलं तर दोन उन्हाळ्यांत बुड दिसेल, असा माझा आपला अंदाज. म्हणा, मुरवायची रीतच नाही इकडं. पहाटे झाडाखाली पडलेला मोह वेचायचा, वाळवायचा, भिजत घालून आंबवायचा, मडक्यावर मडकं चढवून गाळायचा, की झालं. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आमची मोहाची मात्र बातमीत येते ती पोलिसांच्या धाडीपुरतीच.