सिगारेट सुटल्यानंतरची घसरण आणि निकोटिन गमची सवय : आपले अनुभव लिहावेत

सिगारेट सोडण्याच्या पहिल्या आठवड्याविषयी पुष्कळ बोलले जाते; त्यानंतरच्या दोन अडचणींविषयी मात्र माणसे गप्प राहतात. एक म्हणजे बरेच दिवस निभावल्यावर अचानक ओढली गेलेली सिगारेट, आणि दुसरी म्हणजे सिगारेट सोडण्यासाठी घेतलेला, पण ती सुटली तरी न सुटणारा निकोटिनचा चघळायचा गम किंवा त्वचेवर चिकटवायची पट्टी. या दोन्हींत लाज इतकी मिसळलेली असते की घरच्यांनाही सांगितले जात नाही आणि डॉक्टरांनाही नाही. नेमके काय घडले, कशाचा उपयोग झाला आणि कशाचा झाला नाही, हे प्रत्येकाने सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो.

वडिलांना रुग्णालयात ठेवले होते. रात्री खोलीबाहेर बसलो असताना शेजारच्या बाकावरील गृहस्थांनी पाकीट पुढे केले आणि मी त्यांच्याबरोबर जिना उतरून खाली गेलो. दंडावर पट्टी होती. तिची आठवणही झाली नाही. पहिल्या झुरक्याला डोके गरगरले, तोंड कडवट झाले, तरीही सिगारेट थोटकापर्यंत ओढली. सकाळी आंघोळीच्या वेळी पट्टी ओढून काढली, कारण आता ती लावून कुणाला फसवायचे असे वाटले. शिवाय पट्टीवर सिगारेट ओढली तर हृदय बंद पडते, असे कुणाकडून तरी ऐकलेले डोक्यात होते. संध्याकाळपर्यंत माझ्या खिशात नवे पाकीट आले होते.

माझ्या मते त्या रात्रीच्या एका सिगारेटने फारसे बिघडले नव्हते. बिघडले ते पट्टी काढल्याने. रक्तातील निकोटिन साधारण 2 तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे पट्टी काढल्यावर दिवस कलेपर्यंत तलफ अनावर होणार हे ठरलेलेच होते. पुढे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की पट्टी आणि सिगारेट एकत्र झाल्यास मळमळ, डोकेदुखी किंवा धडधड जाणवू शकते, परंतु एखादी सिगारेट ओढली गेली म्हणून उपचार थांबवू नयेत. त्यांनी पट्टीच्या जोडीला गमही दिला. पट्टी दिवसभर एकसारखे निकोटिन देते, पण अचानक उसळणारी तलफ तिला आवरत नाही. गम ते काम करतो, आणि दोन्ही मिळून एकट्या पट्टीपेक्षा अधिक लोकांची सिगारेट सुटते. मात्र सिगारेटमधील निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि गमचा पुरता परिणाम व्हायला 20 ते 30 मिनिटे लागतात, हे लक्षात ठेवावे लागते. म्हणून अवघड प्रसंग समोर दिसत असेल तर मी गम आधीच तोंडात ठेवतो. तलफ आल्यावर शोधत बसलो की उशीर झालेला असतो.

एका शिक्षिकेने लिहिले आहे :

माझी सिगारेट सुटली त्याला आता बराच काळ लोटला, पण गम राहिला. सहसा 12 आठवड्यांत तो कमी करत बंद करावा असे सांगतात. ती मुदत केव्हाच उलटून गेली. माझ्या पर्समध्ये, टेबलाच्या खणात आणि उशाशी गमची पाकिटे असत, आणि शेवटचा तुकडा उरला की जीव कासावीस होई. मी सिगारेट ओढत नाही हे अभिमानाने सांगत असे, मात्र गमविषयी बहिणीलाही सांगितले नव्हते.

सुरुवातीला मी तो साध्या च्युइंग गमसारखा सतत चघळत होते, त्यामुळे उचक्या लागत आणि छातीत जळजळ होई. खरी पद्धत वेगळी आहे. जिभेला मिरमिर जाणवेपर्यंत सावकाश चघळायचा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, मिरमिर ओसरली की पुन्हा चघळायचा. असे साधारण अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषले जाते. गिळलेल्या लाळेतील बराचसा भाग यकृतातच नष्ट होतो आणि पोट मात्र बिघडते. कॉफी किंवा आंबट पेयामुळे हे शोषण घटते, म्हणून आधीची 15 मिनिटे आणि गम तोंडात असेपर्यंत ती टाळावी. हे कळल्यावर माझे दिवसाचे तुकडे आपोआप कमी झाले, कारण अर्धे तर वायाच जात होते.

त्यानंतर 4 मिलिग्रॅम निकोटिनच्या गमवरून 2 मिलिग्रॅमच्या गमवर आले. मग रोजच्या तुकड्यांपैकी एकेक बदलून त्याच्या जागी साधा गम घेऊ लागले. दुपारचे तुकडे सहज सुटले. उठल्याबरोबरचा तुकडा सर्वांत चिवट निघाला आणि तो अजूनही आहे. परंतु आता तो कोणापासून लपवत नाही.

रात्रपाळी करणाऱ्या एका सदस्याचा छोटा अनुभव :

24 तासांच्या पट्टीमुळे मला फार स्पष्ट आणि भीतिदायक स्वप्ने पडत, झोपमोड होई, आणि झोपमोड झाली की सिगारेटकडे मन धावे. झोपण्यापूर्वी पट्टी काढू लागल्यावर स्वप्ने थांबली. उठल्यावर तलफ जोराची येते, तेवढ्यापुरता गम घेतो. रोज जागा बदलून लावल्याने खाजही कमी झाली.

पतीच्या वतीने एका गृहिणीने लिहिले आहे :

आमच्या ह्यांनी सिगारेट सोडल्यापासून हातांना कंप, धडधड आणि चिडचिड वाढली, आणि आम्ही सारा दोष पट्टीला दिला. कारण निघाले दिवसभराच्या कॉफीचे. धुरातील काही घटकांमुळे यकृत कॅफीन लवकर संपवत असते. धूर थांबला की तीच कॉफी रक्तात अधिक काळ राहते. निकोटिनचा त्याच्याशी संबंध नाही, त्यामुळे पट्टी लावूनही हा बदल होतोच. कॉफी निम्मी केल्यावर त्रास पुष्कळ कमी झाला. काही औषधांचेही असेच होते, म्हणून नियमित औषधे चालू असणाऱ्यांनी सिगारेट सोडल्याचे डॉक्टरांना आवर्जून कळवावे.

शिक्षिकाबाईंना उद्देशून आणखी एक अनुभव :

आपण सकाळच्या तुकड्याची घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. लोक बोलतात म्हणून मी एकदा गम एका दिवसात बंद केला आणि महिन्याच्या आत सिगारेटवर परतलो. गमची सवय लागते, हे खरे आहे. पण कर्करोग आणि फुप्फुसांचे विकार होतात ते मुख्यतः धुरामुळे. डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड गममध्ये नसतात. गर्भारपण किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांशी बोलणे वेगळे; इतरांनी सिगारेट कायमची सुटल्याची खात्री पटेपर्यंत गम ठेवला तर त्यात कमीपणा कसला?

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच सवयीची. जिथे ओढता येत नाही तिथे गम आणि बाहेर पडल्यावर सिगारेट, असे माझे बरेच दिवस चालले होते, आणि आपण सोडण्याच्या मार्गावर आहोत असा माझा समज होता. सोडण्याची तारीख ठरवून त्या दिशेने सिगारेट कमी करण्यासाठी गम घेणे निराळे. माझ्याकडे तारीखच नव्हती. ज्यांचे सध्या असे चालू आहे, किंवा जे त्यातून बाहेर आले आहेत, त्यांनी तारीख कशी ठरवली आणि ती पाळताना काय केले, हे कृपया येथे लिहावे.